कैदी स्त्रियांची माऊली : एलिझाबेथ फ्राय

तुरुंगात असलेल्यांची भेट घेणे हे ख्रिस्तसभेने दयेच्या सात शारीरिक कृत्यांपैकी एक मानले आहे. भुकेलेल्याला घास देणे आपल्याला जमते, आजाऱ्याच्या समाचारालाही आपण जातो. पण तुरुंगाच्या दाराकडे आपली पावले सहसा वळत नाहीत. दोनशे वर्षांपूर्वी ज्या एका स्त्रीची पावले तिकडे वळली, तिची ही जीवनकथा.

एलिझाबेथ फ्राय यांचा जन्म २१ मे १७८० रोजी इंग्लंडमधील नॉर्विच येथे गर्नी या सधन घराण्यात झाला. हे कुटुंब क्वेकर पंथाचे होते. प्रत्येक माणसाच्या ठायी देवाचा प्रकाश असतो, अशी या पंथाची श्रद्धा आहे. एलिझाबेथ १२ वर्षांच्या असताना आई वारली. १७९८ साली विल्यम सेव्हरी या अमेरिकन क्वेकराचे प्रवचन ऐकून त्यांच्या जीवनाला वळण लागले. १८०० साली जोसेफ फ्राय यांच्याशी विवाह होऊन त्या लंडनला आल्या. त्यांना ११ मुले झाली.

१८१३ साली स्टीफन ग्रेलेट हे क्वेकर प्रवचनकार न्यूगेट तुरुंगातील स्त्रियांचा विभाग पाहून थेट एलिझाबेथबाईंकडे आले. थंडीच्या दिवसांत तेथे तान्ही बाळे जवळजवळ उघडी पडली होती. हे ऐकताच एलिझाबेथबाईंनी ओळखीच्या स्त्रियांना बोलावून लोकरी कापडाची झबली शिवून घेतली आणि ती घेऊन त्या न्यूगेटला गेल्या. आत जाण्यापासून त्यांना परावृत्त करण्याचा प्रयत्न झाला. ज्या बाजूला जायला पहारेकरीही कचरत, तेथे ही सभ्य घरची बाई कशाला, असा प्रश्न होता.

आत दोन दालने आणि दोन कोठड्यांमध्ये सुमारे ३०० स्त्रिया आपल्या मुलांसह कोंबल्या होत्या. त्याच जागेत स्वयंपाक, तेथेच धुणे आणि तेथेच जमिनीवर झोपणे. त्या काळी इंग्लंडमध्ये किरकोळ चोरीलाही फाशी किंवा समुद्रापार हद्दपारी होई, त्यामुळे तुरुंग सदैव भरलेले असत. जिचा खटला अजून चाललाच नाही ती मुलगी, पोटासाठी कापड चोरणारी आई आणि फाशीची वाट पाहणारी बाई, सगळ्या एकाच ठिकाणी. अशा गर्दीत माणूस दिसेनासा होतो, दिसतो तो फक्त घोळका. बाहेरचे लोक या स्त्रियांना जनावरे समजत, ते त्यामुळेच.

पुढील काही वर्षे बाळंतपणे आणि घरच्या अडचणी यांत गेली. १८१५ साली त्यांची जेमतेम पाच वर्षांची मुलगी मरण पावली. त्यानंतर १८१६ अखेर त्या न्यूगेटला परतल्या. त्यांनी स्त्रियांना द्राक्षमळ्याच्या धन्याचा दाखला वाचून दाखवला. शेवटच्या तासाला आलेल्या मजुरालाही पूर्ण मजुरी देणारा तो धनी! ऐकणाऱ्यांपैकी काहींना ख्रिस्त कोण हेही ठाऊक नव्हते.

मग त्यांनी आयांपुढे मुलांसाठी शाळेची कल्पना मांडली. जागाच नाही, असे अधिकारी म्हणाले. शेवटी एक रिकामी कोठडी मिळाली. शिक्षिका कैदी स्त्रियांनी आपल्यातूनच निवडली. घड्याळ चोरल्याबद्दल आत आलेली ती एक तरुणी होती. थोड्याच दिवसांत मोठ्या बायकाही दाराशी गर्दी करून आम्हालाही शिकवा म्हणून विनवू लागल्या.

एप्रिल १८१७ मध्ये एलिझाबेथबाईंनी काही स्त्रियांना घेऊन न्यूगेटच्या कैदी स्त्रियांसाठी एक मंडळ स्थापन केले. शिवणकाम व विणकाम सुरू झाले. स्त्रियांचे लहान लहान गट पाडले, प्रत्येक गटाला त्यांच्यातलीच एक प्रमुख नेमली आणि देखरेखीसाठी एक बाई ठेवली. नियम लादले नाहीत. एकेक नियम वाचून दाखवला आणि स्त्रियांनी हात वर करून मान्यता दिली, तेव्हाच तो लागू झाला. बायका सुया-दोरे पळवतील, असे भाकीत करणारे अधिकारी काही आठवड्यांतच चकित झाले.

पण केवळ दानधर्म पुरणार नाही, हेही त्यांनी ओळखले. १८१८ साली संसदेच्या समितीपुढे त्यांनी साक्ष दिली. झोपायला एकेकीच्या वाट्याला सुमारे सहा फूट लांब आणि दोन फूट रुंद जागा येते, हे त्यांनी तेथे सांगितले. १८२३ च्या कायद्याने स्त्री-कैद्यांवर स्त्रियाच पहारेकरी असाव्यात, असे ठरले. ऑस्ट्रेलियाला पाठवल्या जाणाऱ्या स्त्रियांच्या १०० हून अधिक जहाजांना त्यांनी व त्यांच्या मंडळाने भेटी दिल्या आणि प्रत्येकीला सुई, दोरा व कापडाचे तुकडे दिले. १८४१ साली 'राजा' नावाच्या जहाजावर अशा तुकड्यांतून शिवलेली मोठी गोधडी आज कॅनबेराच्या राष्ट्रीय कलासंग्रहालयात आहे.

१८२८ साली पतीची पेढी बुडाली. क्वेकर समाजाने जोसेफ यांना सभासदत्वावरून काढले, लोकांनी नावे ठेवली. तरी एलिझाबेथबाईंनी काम सोडले नाही. पुढे सरकारने गर्दीवर वेगळाच उपाय शोधला: प्रत्येक कैद्याला एकांतात डांबणे. एलिझाबेथबाईंनी त्यालाही विरोध केला. चेंगराचेंगरीत माणूस हरवतो आणि एकांतात तो खचतो. त्याला हवी असते जागा, काम आणि नावाने हाक मारणारे कोणीतरी, हे त्यांनी अनुभवाने जाणले होते.

१२ ऑक्टोबर १८४५ रोजी रॅम्सगेट येथे त्यांचे निधन झाले. न्यूगेट तुरुंग विसाव्या शतकाच्या आरंभी पाडला गेला. २००२ ते २०१७ या काळात इंग्लंडच्या पाच पौंडांच्या नोटेवर एलिझाबेथबाईंचे चित्र होते.

न्यूगेट पाडले गेले, पण त्यातील प्रश्न संपला नाही. आपल्या देशातील तुरुंगांत बहुसंख्य कैदी खटल्याच्या निकालाची वाट पाहणारे कच्चे कैदी आहेत, आणि त्यांत स्त्रियाही आहेत. सर्वोच्च न्यायालयाच्या २००६ च्या निकालानुसार सहा वर्षांपर्यंतची मुले आईसोबत तुरुंगात राहू शकतात. त्या मुलांनी कोणताच गुन्हा केलेला नाही. प्रिझन मिनिस्ट्री इंडिया या संस्थेचे कॅथॉलिक स्वयंसेवक अशा कैद्यांना भेटायला जातात.

एलिझाबेथबाईंची सुरुवात झबल्यांपासून झाली. आपल्या धर्मग्रामातील भगिनींनाही ते अवघड नाही. आणि ज्या घरातील कोणी आज तुरुंगात आहे, त्या घरी जाऊन दोन शब्द बोलणे तर आपल्यापैकी प्रत्येकाला शक्य आहे. त्या घराकडे पाठ फिरवू नये, एवढे तरी आपण नक्कीच ठरवू या.