कोसंबींचे चार पानांचे गणित

वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याने गुणसूत्रांवर लिहावे, हा काही वाचकांना आगाऊपणा वाटेल. परंतु दामोदर धर्मानंद कोसंबी यांना आपण इतिहासकार म्हणून ओळखतो, आणि जनुकशास्त्रज्ञ मात्र त्यांना एका सूत्रामुळे ओळखतात, हे कळल्यावर मला राहवले नाही.

कोसंबी १९०७ साली गोव्यात जन्मले. वडील बौद्ध धर्माचे थोर पंडित. १९२९ साली हार्वर्डची पदवी घेऊन ते परतले आणि बनारस, अलीगढ करीत १९३३ मध्ये फर्ग्युसन महाविद्यालयात गणित शिकवू लागले.

त्या काळी डी.एन.ए.ची रचना कोणालाच ठाऊक नव्हती. जनुके गुणसूत्रावर मण्यांसारखी ओवलेली असतात, एवढे कळले होते. दोन मण्यांमधले अंतर कसे मोजायचे? तर एकत्र असलेली जनुके संततीत किती वेळा फारकत घेतात, ते मोजायचे. पण माळ दोनदा तुटून जुळली तर फारकत दिसतच नाही आणि हिशेब कमी भरतो! हॉल्डेन यांनी १९१९ साली यावर सूत्र दिले. मात्र माळ एकदा तुटली की शेजारीच पुन्हा तुटणे अवघड असते, हे त्यात धरले नव्हते. कोसंबींनी १९४४ साली चार पानांच्या लेखात ते धरले. शंभरात वीस फारकती असल्या तर अंतर हॉल्डेनप्रमाणे २५.५ भरते, कोसंबींप्रमाणे २१.२. पिकांचे जनुकीय नकाशे काढताना हे सूत्र आजही वापरतात.

आर.एन.ए.च्या घड्या संगणकाने शोधण्याची एक रीत याच जातीची आहे. निरनिराळ्या जीवांतील तोच रेणू घ्यायचा. दोन जागांवरची अक्षरे जोडीने बदलत असतील तर घडीत त्या एकमेकींना भिडत असणार.

तक्षशिलेची आहत नाणीही कोसंबींनी अशीच तोलली. चलनात वर्षे जास्त, तर झीज जास्त. त्यावरून नाण्यांचा क्रम लावला. गेल्या सुट्टीत भोपाळला मामांकडे असताना बिट्टन मार्केटात भाजीवाल्याने परत दिलेली गुळगुळीत नाणी मी याच नजरेने पाहू लागलो, तेव्हा मामी हसल्या.

पुढचा भाग वाचवत नाही. रीमानच्या गृहीतकाची त्यांनी १९५९ साली छापलेली सिद्धता टिकली नाही, नावाला बट्टा लागला. १९६२ साली टाटा मूलभूत संशोधन संस्थेने त्यांचा करार पुढे वाढवला नाही. २९ जून १९६६ रोजी पुण्यात ते वारले; वय अवघे ५८. आदल्याच वर्षी हॉली यांनी एका वाहक आर.एन.ए.ची पूर्ण अक्षरमाला प्रसिद्ध केली होती.