भरल्या ओटीला आधार देणारा टाका : शिरोड्याचे डॉ. विठ्ठल शिरोडकर

गावात एखाद्या बाईला दिवस गेले आणि डॉक्टरीणबाईंनी ‘पिशवीचं तोंड सैल आहे, टाका घालावा लागेल’ असं सांगितलं, की घरात धावपळ उडते. पण हा टाका जगात कुणी आणला, हे फार थोड्यांना ठाऊक असतं. तो आणणारा माणूस आपल्या शेजारच्या गोव्यातला. जगभरातल्या दवाखान्यांत आजही हा टाका ‘शिरोडकर टाका’ या नावानेच ओळखला जातो.

विठ्ठल नागेश शिरोडकर यांचा जन्म 27 एप्रिल 1899 रोजी गोव्यातल्या शिरोडा गावचा. तेव्हा गोव्यात पोर्तुगीजांचं राज्य होतं. मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात ते डॉक्टरी शिकले. 1927 साली एम.डी. झाले. मग इंग्लंडला जाऊन 1931 साली शस्त्रक्रियेची एफ.आर.सी.एस. ही मानाची पदवी घेतली. तिकडेच न थांबता ते मुंबईला परतले आणि ग्रँट मेडिकलमध्येच प्राध्यापक झाले.

त्यांच्याकडे अशा बायका यायच्या, ज्यांचं पोट चौथ्या ते सातव्या महिन्यात रिकामं व्हायचं. एकदा नव्हे, तीनदा-चारदा. फारशा कळा नाहीत, बाळात दोष नाही, तरी गर्भ निसटून जायचा. घरात दोष मात्र बाईलाच. कुणी नवस बोलायचं, कुणी सवत आणायची भाषा करायचं. डॉक्टर मंडळी झोपून राहायला सांगायची, हार्मोनची औषधं द्यायची. गुण येत नव्हता.

शिरोडकरांनी अंदाजावर काम केलं नाही. गरोदरपणात त्या बाईला ते पुन्हा पुन्हा आतून तपासायचे. त्यातून त्यांच्या लक्षात आलं की काही जणींच्या गर्भपिशवीचं आतलं तोंडच कमकुवत असतं. पोत्याचं तोंड बांधलं नाही तर धान्य सांडणारच, तसाच हा प्रकार. बाळ वाढतं, वजन वाढतं, आणि तोंड वेळेआधीच उघडतं. ज्यांच्यात हा दोष तपासणीत दिसला, मुख्यतः त्यांच्यावरच त्यांनी उपाय केला.

उपाय धाडसाचा होता. पोटात बाळ असताना शस्त्रक्रिया करायची! बाईच्याच मांडीतल्या स्नायूंवरच्या चिवट आवरणाची पट्टी काढून ती पिशवीच्या तोंडाभोवती आतून आवळून बांधायची. 1955 साली त्यांनी ही पद्धत छापून प्रसिद्ध केली. दोन वर्षांनी ऑस्ट्रेलियातले डॉ. इयान मॅकडोनाल्ड यांनी टाक्याची आणखी सोपी पद्धत मांडली. आज या दोन्ही पद्धती वापरात आहेत. मांडीतल्या पट्टीची जागा आता दोऱ्याने किंवा कृत्रिम फितीने घेतली आहे.

शिरोडकर एवढ्यावर थांबले नाहीत. बाळंतपणानंतर काही बायकांचं अंग बाहेर येतं. तरुण बाईची पिशवी काढून टाकण्यापेक्षा ती पट्टीने वर ओढून धरायची शस्त्रक्रियाही त्यांनी बसवली. त्यामुळे पुढे मूल होण्याची आशा शिल्लक राहायची. कुटुंबनियोजनाच्या कामातही ते पुढे होते.

सरकारने 1960 साली त्यांना पद्मभूषण आणि 1971 साली पद्मविभूषण दिलं. त्याच वर्षी 7 मार्चला त्यांचं निधन झालं.

त्यांच्या कामातून घ्यायची गोष्ट साधी आहे. गर्भ पडण्याची कारणं अनेक असतात आणि टाका प्रत्येकीला लागत नाही. आता सोनोग्राफीत पिशवीच्या तोंडाची लांबी मोजता येते. लागलाच तर टाका साधारण तिसरा महिना संपल्यावर घालतात. नॉर्मल बाळंतपण करायचं असेल तर नववा महिना लागल्यावर तो काढतात. मध्येच कळा आल्या, अंगावरून रक्त किंवा पाणी गेलं, तर वाट न पाहता लगेच दवाखाना गाठायचा. आणि याआधी चौथ्या-पाचव्या महिन्यात गर्भ गेला असेल, तर पुढच्या वेळी दिवस राहताच ते डॉक्टरांना सांगायचं, लपवायचं नाही. दोष बाईच्या नशिबात नसतो, हे शिरोड्याच्या या डॉक्टरने तपासून दाखवलं आहे.