सहा वर्षांचे मास्तर

स्मरणिकेसाठी आवडत्या शिक्षकावर लिहा, असे संपादक मंडळाचे पत्र आले. आपल्या गुरुजनांवर बाकीचे वर्गमित्र लिहीत आहेतच. मी जरा मागे, अमळनेरला जातो.

पांडुरंग सदाशिव साने मूळचे कोकणातल्या पालगडचे, जन्म २४ डिसेंबर १८९९. तत्त्वज्ञानाच्या अभ्यासासाठी ते अमळनेरच्या तत्त्वज्ञान मंदिरात आले आणि १९२४ मध्ये प्रताप हायस्कुलात मास्तर झाले. १९३० मध्ये नोकरी सोडून सत्याग्रहात उतरले. पुढचे धुळे-नाशिकचे तुरुंगवास, पंढरपूरचे उपोषण, 'साधना', १९५० चा तो जून महिना, सगळे आपल्याला पाठ आहे. मास्तरकी अवघी सहा वर्षांची, पण मला तीच मोठी वाटते.

वसतिगृह त्यांच्याकडे होते. मुलांच्या खोल्या ते स्वतः झाडत, हे सगळे सांगतात. ते मुलांसाठी 'छात्रालय' नावाचे हस्तलिखित दैनिकही काढत, हे कमी सांगितले जाते. दैनिक, बरे का! दिवसभर शिकवायचे आणि वर रोजचा अंक हाताने लिहायचा. १९२८ मध्ये 'विद्यार्थी' मासिक निघाले. लिहा म्हणण्याआधी मास्तर स्वतः लिहीत होते.

'श्यामची आई' नाशिकच्या तुरुंगात १९३३ च्या फेब्रुवारीत लिहिली. त्यात राजा नाही, परी नाही. पोहायला घाबरून लपलेला पोरगा आणि त्याला झोडपून विहिरीवर धाडणारी आई आहे. पुस्तक फार रडवते, ही तक्रार मला मान्य आहे. पण घरातली गोष्टही लिहिण्याजोगी असते, हे पोरांना त्यानेच कळते.

मी पाचवीला शिकवायचो तेव्हा 'माझी आई' हा निबंध चाळीस वह्यांत एकच यायचा, गाईडातला. मग विचारले, काल आईने काय केले तेवढेच लिहा. यावलकडच्या एका मुलाने लिहिले, वादळात केळी आडवी झाली, मायने चूल पेटवली नाही. 'माय' खोडून 'आई' कर, असे वह्या तपासणाऱ्या साहेबांनी सुचवले. मी खोडले नाही. त्या शब्दावर लाल शाई फिरली असती, तर पोराने पुढच्या वेळी पुन्हा गाईडच उतरवले असते.

आपल्या वर्गाचे आठवीचे हस्तलिखित माझ्याकडे आहे. बांधणी सुटली आहे, पण पाने शाबूत आहेत. मेळाव्याला घेऊन येतो. ज्याने त्याने आपले पान शोधावे, आणि अक्षरावरून दुसऱ्याला चिडवू नये.