मातीचा नाद आणि पोटाचा प्रश्न

आम्ही भोर-वेल्ह्याकडची पोरं. दिवाळीची सुट्टी लागली की खरा तोरणा समोर उभा असला तरी अंगणात मातीचा किल्ला व्हायलाच हवा. कुंभाराकडून आणलेले मावळे बुरुजांवर आणि माथ्यावर महाराज! पुढे बारावी, सीईटी, सबमिशन... आणि हातातली माती सुटते ती सुटतेच. छंदाने पोट भरत नाही, हे घरोघरी ऐकवलं जातं. पण मातीच्या नादावरच ज्याने आयुष्य उभं केलं, अशा एका माणसाची ही गोष्ट.

विनायक पांडुरंग ऊर्फ नानासाहेब करमरकर यांचा जन्म २ ऑक्टोबर १८९१ रोजी अलिबागजवळच्या सासवणे गावी झाला. घरात गणपतीच्या मूर्ती होत, त्यामुळे माती लहानपणापासून हाताखालचीच. गावातल्या देवळाच्या भिंतीवर या पोराने शिवाजी महाराजांचं चित्र काढलं होतं. जिल्ह्याचे कलेक्टर ऑटो रॉथफील्ड यांच्या ते नजरेस पडलं आणि त्यांच्या मदतीने विनायक मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये दाखल झाला.

पण नुसत्या शिक्षणाने कामं थोडीच मिळतात! करमरकर कामासाठी थेट कलकत्त्याला गेले, तिथे स्टुडिओ थाटला. पुढे लंडनला जाऊन आणखी शिकून आले. मोठमोठ्या लोकांचे पुतळे हीच त्यांची रोजीरोटी झाली.

मग आलं ते काम ज्याने नाव गाजलं: पुण्यातला शिवाजी महाराजांचा अश्वारूढ पुतळा. उंची सुमारे साडेतेरा फूट, वजन सुमारे ८ टन. आपण वर्कशॉपमध्ये एवढासा जॉब ओततो आणि त्यातही हवा अडकून छिद्रं पडतात! एवढा मोठा पुतळा तुकड्यांत ओतून जोडणं सोयीचं. पण करमरकरांनी तो अखंड ओतायचं ठरवलं. त्यात धोका असा, की रस मध्येच थंडावला किंवा साच्यात वायू कोंडला तर सगळी मेहनत पाण्यात. मुंबईच्या माझगाव डॉकमध्ये हे ओतकाम झालं आणि यशस्वी झालं. १९२८ साली पुण्यात पुतळ्याचं अनावरण झालं. देवळाच्या भिंतीवर महाराज काढणारा मुलगा तेव्हा ३६ वर्षांचा होता.

एवढं नाव झालं तरी मूळचा नाद सुटला नाही. पुतळ्यांच्या ऑर्डरी पोटासाठी होत्याच, पण सासवण्याच्या घरी त्यांनी स्वतःच्या आनंदासाठी आजूबाजूची साधी माणसं आणि जनावरं घडवली. त्यांतली कितीतरी चक्क सिमेंटमध्ये! आपण ज्याचे क्यूब फोडतो, त्याच सिमेंटमध्ये. त्यांना पद्मश्री मिळाली. १९६७ साली ते गेले. त्यांचं घर आज शिल्पालय आहे.

म्हणजे छंदाने पोट भरतं का? नुसत्या छंदाने नाही. करमरकरांनी त्याला शिक्षणाची जोड दिली, कामासाठी गाव सोडलं, गिऱ्हाइकाचं काम चोख केलं आणि स्वतःसाठी थोडी माती राखून ठेवली.

शिवाजीनगरला गेलात तर श्री शिवाजी प्रिपरेटरी मिलिटरी स्कूलच्या आवारातला तो पुतळा जरूर बघा. आणि येत्या दिवाळीत, सबमिशन असलं तरी, किल्ला करा!