कामगारांचे बाबासाहेब : साचेखात्यापासून मजूरमंत्रिपदापर्यंत

नरसी नामदेव आणि हिंगोलीच्या आसपासच्या वस्त्यांतून आपली अनेक मुले वाळूज, चाकणच्या कारखान्यांत कंत्राटी कामाला जातात. कंपनीत नवी यंत्रे आली, पाळ्या बदलल्या, खाती एकत्र झाली, की पहिली कुऱ्हाड त्यांच्यावरच पडते. वस्तीत काम करताना आम्हाला हे सतत दिसते. जयंतीला आपण घटनेचे शिल्पकार बाबासाहेब आठवतो. परंतु याच प्रश्नाला आयुष्यभर भिडलेले कामगारनेते बाबासाहेब आपल्या भाषणांत क्वचितच येतात.

14 एप्रिल 1891 रोजी महू येथे जन्मलेले बाबासाहेब शाळकरी वयातच कुटुंबासोबत मुंबईत परळला आले. चहूकडे गिरण्या, चाळी आणि पाळीचे भोंगे. पुढे कोलंबिया आणि लंडनमध्ये अर्थशास्त्राचे उच्च शिक्षण घेऊन ते परतले तेही परळच्या चाळीतच. त्यामुळे कामगारांचे जिणे त्यांना पुस्तकातून शिकावे लागले नाही.

1928 साली मुंबईच्या गिरण्यांमध्ये सहा महिने सार्वत्रिक संप चालला. मूळ कारण होते कामाची फेररचना. मालकांना कमी माणसांकडून जास्त साचे आणि जास्त चात्या चालवून घ्यायच्या होत्या. दीड लाखाच्या आसपास कामगार बाहेर पडले. बाबासाहेबांनी या वेळी संपाच्या नेत्यांपुढे एक अडचणीचा प्रश्न ठेवला. अस्पृश्य कामगारांना चांगल्या पगाराच्या साचेखात्यात प्रवेश नव्हता. धोट्यातील सूत तोंडाने ओढावे लागे आणि त्यांचा स्पर्श झालेला धोटा सवर्ण कामगारांना चालत नसे. ही बंदी उठवण्याची मागणी यादीत नसेल, तर आपले लोक संपापासून दूर राहतील, असे त्यांनी बजावले. नेत्यांनी नाखुशीने ती घेतली. हा अन्याय आपण केलेला नाही, असे मालकांनी सुनावले, आणि ते खोटेही नव्हते. फेररचनेत कोणाचे काम जाते, हे यंत्राबरोबर जातही ठरवते, हे तेव्हा उघडे पडले. 1929 च्या संपाला मात्र त्यांनी विरोध केला. उपाशी घरांना आणखी एक लांबलचक संप झेपणार नाही, असे त्यांचे मत होते. त्यासाठी त्यांच्यावर टीका झाली आणि आजही होते.

ऑगस्ट 1936 मध्ये त्यांनी स्वतंत्र मजूर पक्ष काढला. फेब्रुवारी 1938 मध्ये मनमाडला रेल्वेतील अस्पृश्य कामगारांच्या परिषदेत त्यांनी ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही हे कामगारांचे दोन शत्रू असल्याचे सांगितले. रेल्वेत आपली माणसे गँगमन म्हणून खपत होती. वर्कशॉपमधील कुशल कामाची दारे त्यांना बंद होती.

त्याच वर्षी मुंबई सरकारने औद्योगिक कलह विधेयक आणले. समेटाची सक्ती आणि त्या काळात संप बेकायदा, असा त्याचा गाभा होता. बाबासाहेबांचा समेटाला विरोध नव्हता. संपाचे हत्यार काढून घेतल्यावर कामगार समेटाच्या टेबलावर रिकाम्या हाताने बसेल, हा त्यांचा आक्षेप होता. कम्युनिस्टांशी मतभेद असूनही त्यांच्या सोबतीने 7 नोव्हेंबर 1938 रोजी एक दिवसाचा संप झाला. गोळीबारही झाला. विधेयक थांबले नाही, पण जातीपलीकडची कामगार एकजूट शक्य आहे, हे मुंबईने पाहिले.

जुलै 1942 मध्ये ते व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री झाले. ऑगस्टमध्येच सरकार, मालक आणि कामगार यांची त्रिपक्षीय परिषद त्यांनी दिल्लीत घेतली आणि तिला कायम स्वरूप दिले. डिसेंबर 1943 मध्ये धनबादच्या खाणीत ते स्वतः उतरले. पुढच्या वर्षी कोळसा कामगारांसाठी कल्याण निधी उभा राहिला. युद्धकाळात स्त्रियांना पुन्हा खाणीखाली कामाला लावले गेले, तेव्हा मंत्री म्हणून त्या निर्णयाचे समर्थनही त्यांनाच करावे लागले. 1946 मध्ये कारखान्याचा आठवडा 54 तासांवरून 48 तासांवर आला.

1943 साली मांडलेले त्यांचे एक विधेयक आज विशेष आठवावे असे आहे. मालकाने प्रातिनिधिक संघटनेला मान्यता दिलीच पाहिजे, अशी त्यात तरतूद होती. 1947 मध्ये तसा कायदा संमत झाला, पण कधीच अमलात आला नाही. 2020 च्या औद्योगिक संबंध संहितेत 51 टक्के सभासद असलेल्या संघटनेला वाटाघाटीचा हक्क आहे. मात्र त्याच संहितेने संपाच्या अटी कडक केल्या आणि परवानगीशिवाय कपात करण्याची मर्यादा 100 कामगारांवरून 300 वर नेली. 1938 चा प्रश्न पुन्हा दारात उभा आहे.

6 डिसेंबर 1956 रोजी बाबासाहेबांचे महापरिनिर्वाण झाले. यंत्राला त्यांनी कधी शत्रू मानले नाही. यंत्राने माणसाला विश्रांती आणि शिक्षणाची सवड द्यावी, अशी त्यांची अपेक्षा होती. तेव्हा तरुण मित्रांनो, कारखान्यात जाताना नेमणुकीचे कागद नीट वाचा, संघटनेचे सभासद व्हा, आणि संघटनेच्या मागण्यांच्या यादीत कंत्राटी कामगार आहे की नाही, हे पहिल्याच बैठकीत विचारा. 1928 साली बाबासाहेबांनी नेमके हेच विचारले होते.

जय भीम!