गजानन माधव मुक्तिबोध : जीवन आणि कथादृष्टी

अनुवादित हिंदी कथेतील सत्ता, स्त्री-पुरुषसंबंध आणि मानवी प्रतिष्ठा यांचा विचार करताना ग. मा. मुक्तिबोध यांचे चरित्र विशेष उपयुक्त ठरते. त्यांची घरची भाषा मराठी होती, लेखनाची भाषा हिंदी. गोंदियाहून हावड्याकडे जाणारी गाडी आमगाव, सालेकसा, डोंगरगड ही स्थानके मागे टाकून राजनांदगावला पोहोचते. तेथेच त्यांच्या आयुष्याची अखेरची वर्षे गेली.

जीवनपट

मुक्तिबोधांचा जन्म १३ नोव्हेंबर १९१७ रोजी ग्वाल्हेर संस्थानातील श्योपूर येथे झाला. वडील माधवराव पोलीस खात्यात अधिकारी होते. आई पार्वतीबाई यांना प्रेमचंद आणि हरिभाऊ आपटे हे लेखक प्रिय होते. आपल्याला प्रेमचंदांचे भक्त आईनेच केले, अशी कृतज्ञ नोंद मुक्तिबोधांनी पुढे केली. धाकटे बंधू शरच्चंद्र मुक्तिबोध मराठीतील मान्यवर कवी, कादंबरीकार व समीक्षक झाले. एकाच घरातून दोन भाषांना दोन लेखक लाभले.

१९३९ मध्ये मुक्तिबोधांनी घरच्यांच्या इच्छेविरुद्ध शांताबाईंशी विवाह केला. त्यानंतर संसाराची आर्थिक ओढाताण कधीच संपली नाही. शिक्षकी, नागपूर येथील माहिती खाते, आकाशवाणी आणि ‘नया खून’ साप्ताहिक अशा अनेक ठिकाणी त्यांनी काम केले. पस्तिशी ओलांडल्यावर नोकरी सांभाळून त्यांनी नागपूर विद्यापीठाची एम. ए. पदवी मिळवली. १९५८ मध्ये राजनांदगावच्या दिग्विजय महाविद्यालयात प्राध्यापकपद मिळाले, तेव्हा कोठे थोडे स्थैर्य आले.

हे स्थैर्य फार टिकले नाही. १९६२ मध्ये त्यांच्या ‘भारत : इतिहास और संस्कृति’ या पाठ्यपुस्तकावर मध्य प्रदेश शासनाने बंदी घातली. हा आघात त्यांना जिव्हारी लागला. १९६४ च्या आरंभी त्यांना पक्षाघात झाला आणि ११ सप्टेंबर १९६४ रोजी दिल्लीत त्यांचे निधन झाले. स्वतःचा पहिला स्वतंत्र कवितासंग्रह त्यांना पाहता आला नाही. ‘काठ का सपना’ हा कथासंग्रहही मरणोत्तर प्रसिद्ध झाला.

कथादृष्टी

मुक्तिबोधांच्या कथेतील सत्ता सहसा हाती शस्त्र घेऊन येत नाही. ती माणसाची गरज ओळखते आणि त्याला थोडे थोडे विकत घेते. ‘पक्षी और दीमक’ या कथेतील पक्षी वाळवीच्या लोभाने एकेक पंख विकत जातो. उडता येईनासे झाल्यावर तो वाळवी गोळा करून पंख परत मागतो. पण हा व्यवहार उलट दिशेने होत नाही. निवेदक ही गोष्ट श्यामला या स्त्रीला सांगतो. संस्थेतील गैरव्यवहाराशी तडजोड करणारा निवेदक तिच्यासमोर स्वतःलाच ओळखू लागतो. येथे स्त्री केवळ प्रेयसी नाही. पुरुषाच्या सोयीस्कर मौनाला तिच्या उपस्थितीमुळे जाब द्यावा लागतो. ‘समझौता’ या कथेत माणसाला मारहाण करून सर्कशीतील जनावराचे सोंग घ्यायला लावले जाते. नोकरशाहीत पोटासाठी माणूसपण गहाण ठेवावे लागते, हे त्यातून सूचित होते.

अनुवाद वाचताना

अशा कथा मराठीत आणताना संबोधनांकडे लक्ष द्यावे लागते. हिंदीतील ‘आप’, ‘तुम’ आणि ‘तू’ या तीन पायऱ्यांतून अधिकार, जवळीक व तुच्छता व्यक्त होते. पती-पत्नींच्या बोलण्यातील ‘तुम’ साठी मराठीत ‘तू’ घ्यावे की ‘तुम्ही’, हा निवड करण्याचा प्रश्न आहे. स्त्रीने पतीला ‘तुम्ही’ आणि पतीने तिला ‘तू’ म्हटले, तर मूळ कथेत नसलेली उतरंड अनुवादात निर्माण होऊ शकते. गोंदिया जिल्ह्यातील वाचकाच्या कानावर दोन्ही भाषा रोज पडतात. त्यामुळे हा फरक तो सहज टिपू शकतो.

मुक्तिबोधांनी आयुष्यभर नोकऱ्या बदलल्या, अभाव सोसला, पण लेखणीचा पंख विकला नाही. त्यांच्या कथांना नैतिक वजन येते ते यामुळेच.

स्वाध्याय : ‘पक्षी और दीमक’ ही कथा मिळवून वाचा. तिच्यातील एका संवादाचा मराठी अनुवाद करा आणि संबोधनांची निवड कोणत्या कारणाने केली, ते पाच-सहा वाक्यांत स्पष्ट करा.