फिलाडेल्फियातील आनंदीबाई जोशी : विद्यार्थिदशेचे एक वाचन

आनंदीबाई जोशी (१८६५–१८८७) यांच्या अमेरिकेतील तीन वर्षांकडे आपल्याकडील वाचक बहुधा प्रस्थान आणि अकाली मृत्यू यांमधील दुवा म्हणूनच पाहत आला आहे. श्री. ज. जोशी यांच्या 'आनंदी गोपाळ' (१९६८) या कादंबरीने गोपाळरावांच्या तऱ्हेवाईकपणाची छाप मनावर इतकी गडद उमटवली, की त्यांच्या अनुपस्थितीत आनंदीबाईंनी परक्या शहरात स्वतःचे आयुष्य कसे लावून घेतले, हा प्रश्न मागेच पडला. वस्तुतः त्यांच्या कर्तृत्वाचा कस लागला तो तिथेच.

या प्रवासाचे मूळच धर्माच्या वादात होते. पत्नीच्या शिक्षणासाठी गोपाळरावांनी प्रिन्स्टनच्या वाइल्डर या मिशनऱ्याकडे साहाय्य मागितले, तेव्हा ख्रिस्ती होण्याचा सल्ला मिळाला. तो पत्रव्यवहार १८८० मध्ये न्यू जर्सीतील रोझेल येथील थिओडिशिया कार्पेंटर यांच्या वाचनात आला आणि त्यांनी कोणतीही अट न घालता स्नेहाचा हात पुढे केला. २४ फेब्रुवारी १८८३ रोजी श्रीरामपूर येथील भाषणात आनंदीबाईंनी आपण हिंदू म्हणून जाऊ व हिंदू म्हणूनच परतू, असे जाहीर केले. पुढे हे वचन ताटात काय वाढले जाते आणि अंगावर काय नेसले जाते, इथपर्यंत पाळावे लागणार होते. बोटीवरील मिशनरी सोबतिणींच्या आग्रहातच त्याची पहिली परीक्षा झाली.

फिलाडेल्फिया हे शहर विल्यम पेनच्या क्वेकर आदर्शातून १६८२ मध्ये वसले. ज्यू मंडळी, कॅथलिक, कृष्णवर्णीयांचे स्वतंत्र मेथडिस्ट चर्च असे नाना पंथ तेथे नांदत होते. मात्र या सहिष्णुतेला तडेही होते. शाळांतील बायबलवाचनावरून १८४४ मध्ये तेथे दंगे होऊन कॅथलिक चर्चे जाळली गेली होती. आनंदीबाईंनी ज्या विमेन्स मेडिकल कॉलेजात प्रवेश घेतला, त्याची १८५० मधील स्थापनाही क्वेकरांच्या पाठबळावर झाली होती. अधिष्ठात्री रेचल बॉडली यांनी अठरा वर्षांच्या या विद्यार्थिनीला आस्थेने सामावून घेतले. तरीही अनेक पंथांच्या त्या शहरात हिंदूसाठी तयार अशी जागा नव्हती. तेथील विविधता बव्हंशी बायबलच्या कक्षेतलीच होती.

म्हणून बिऱ्हाडाचे तपशील महत्त्वाचे ठरतात. शाकाहार सोडायचा नाही, तर खायचे काय? खोली ऊबदार ठेवावी, तर शेगडीचा धूर कोंडे. ती विझवावी, तर थंडी. नऊवारीत पोटऱ्या उघड्या राहत, म्हणून त्या गुजराती पद्धतीने साडी नेसू लागल्या. गाउन मात्र त्यांनी स्वीकारला नाही. ही तडजोड सूक्ष्म आहे. कोणती गोष्ट रूढी आणि कोणती स्वत्वाची खूण, याचा निवाडा त्या दर दिवशी स्वतः करत होत्या. यास केवळ पतीच्या आज्ञेचे पालन म्हणणे अन्यायाचे होईल. पण या निवाड्याची किंमत शरीराने मोजली, हेही नाकारता येत नाही. प्रकृती खालावत गेली. पुढे क्षयाने घेरले. आपल्याकडील गौरवपर लेखनात जिद्द दिसते, उपासमार क्वचितच दिसते.

१० ऑक्टोबर १८८५ च्या एका छायाचित्रात आनंदीबाई, जपानच्या केई ओकामी आणि दमास्कसच्या सबात इस्लामबुली अशा तिघी आपापल्या देशी वेषात आहेत. वेगळेपण तेथे कौतुकाचा विषय होते, हे या चित्रावरून कळते. परंतु कौतुक म्हणजे आपलेपणा नव्हे. तो आनंदीबाईंना लाभला कार्पेंटरबाईंकडून. त्यांना त्या मावशी मानीत.

प्रबंधासाठी त्यांनी आर्य हिंदूंमधील प्रसूतिशास्त्र हा विषय निवडला. चुलीपासून पोशाखापर्यंत जे जपले, त्याला त्यांनी येथे शास्त्राच्या परीक्षेत उभे केले. ११ मार्च १८८६ च्या पदवीदान समारंभास इंग्लंडहून पंडिता रमाबाई आल्या होत्या. रमाबाईंनी सप्टेंबर १८८३ मध्ये, म्हणजे आनंदीबाई अमेरिकेस पोहोचल्या त्याच वर्षी, ख्रिस्ती धर्म स्वीकारला होता. परदेशी शिक्षणातून दोघींनी काढलेले निष्कर्ष परस्परविरुद्ध होते. त्यावरून त्यांच्यात दुरावा आला नाही. समकालीन महाराष्ट्राने मात्र दोघींना सारख्या मापाने तोलले नाही.

कोल्हापूर संस्थानाने देऊ केलेली रुग्णालयातील जागा सांभाळण्यापूर्वीच, २६ फेब्रुवारी १८८७ रोजी, आनंदीबाईंचे पुण्यात निधन झाले. त्यांच्या अस्थी कार्पेंटरबाईंकडे पाठविण्यात आल्या. न्यू यॉर्क राज्यातील पोकिप्सी येथील दफनभूमीत, कार्पेंटर कुटुंबाच्या जागेत, त्या ठेवलेल्या आहेत.